पालवीचं सहावं पेन

फोन काही वाजला नाही.

प्रमोद हुपरीकर जयसिंगपुरातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला टेकून उभे होते. घर इथून हाकेच्या अंतरावर. भाजी केव्हाच घेऊन झाली होती, पिशवीतल्या मेथीनं मान टाकली होती, आणि हा साठी उलटलेला बाप्या मुद्दाम, ठरवून, घरी जायला उशीर करत होता. कशासाठी? तर बायकोचा फोन यावा म्हणून. "कुठे आहात? किती वेळ झाला? इथं माझा जीव टांगणीला लागलाय!" एवढं ऐकायला मिळावं म्हणून.

हसू येतंय ना? चौगुलेलाही आलं. चौगुले म्हणजे त्यांचा लाइनवरचा जुना जोडीदार. सायकल थांबवून म्हणाला, "काय हुपरीकर, वहिनींनी बाहेर काढलं की काय?"

"वारा खातोय."

"कुठला वारा? पान हलेना झालंय. जा की घरी!"

हुपरीकरांनी पुन्हा एकदा फोन बघितला. चालू होता, रेंज होती, आवाज मोठा होता. मग ते गेले घरी.

वैजयंती पोळ्या लाटत होत्या. मान वर करून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "आलात? मेथी काढून ठेवा, सुकली असेल." बस. कपाळावर आठी नाही, आवाजात कंप नाही. शेवटची पोळी भाजली, गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्या मागच्या दारी, कढीपत्त्याच्या झाडाशेजारच्या पायरीवर जाऊन बसल्या. हे अलीकडचंच. नवरा पुढच्या दारानं आत आला, की थोड्या वेळानं बाई मागच्या दारानं बाहेर. एकट्याच बसायच्या, बराच वेळ.

हुपरीकर मेथीची जुडी हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिले. माणूस घरी येऊनही घरी पोचत नाही म्हणजे काय, ते त्यांना त्या महिन्यांत नीट कळलं होतं.

खरं तर या फोनपायी त्यांनी जन्मभर बायकोला बोल लावले होते. नोकरी वीज कंपनीत, लाइनमनची. आता खांबावर माणूस चढत नाही, ड्रोन जातो आणि खाली पोरं खुर्चीत बसून बटणं दाबतात. पण हुपरीकरांच्या काळात वादळ झालं, फांदी पडली, की शिडी खांद्यावर आणि जीव मुठीत. त्यांच्याबरोबरचा एक जण खांबावरच गेला. तेव्हा वैजूचं लग्न नवं नवं होतं. त्या दिवसापासून नवऱ्याला जरा उशीर झाला की तिच्या छातीत धडधडायला लागायचं, आणि धडधडायला लागलं की फोन. हुपरीकर वर, तारेशी, आणि खिशात फोन कोकलतोय. खालून पोरं ओरडायची, "साहेब, हेड ऑफिसचा फोन!" घरी आल्यावर हे चिडायचे, "वैजू, अगं मी काय कुकुल्लं बाळ आहे?" ती म्हणायची, "माझ्या छातीला सांगा ते. मी सांगून दमले."

आणि मग त्या छातीनंच दगा दिला.

साधा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयाला धरून गेला. जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाटीवर, मग नुसतं केस विंचरतानाही. पायांवर सूज. झोपताना आधी एक उशी, मग दोन, मग तीन. शेवटी बसूनच झोपायच्या. मिरजेच्या डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं. मूठ आवळायला जावी आणि बोटं अर्ध्यात थांबावीत, तसं ते आवळत होतं. हुपरीकरांना ते बघवेना. त्यांनी त्या दिवशी गाडीतळावर, चार माणसांदेखत, डोळे पुसले.

त्याच वर्षी पालवी आलं होतं.

इथं थोडं विज्ञान सांगायला हवं, कंटाळू नका. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं. हृदयाचं तसं नाही. जन्मानंतर थोड्याच दिवसांत हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकाच्या दोन होणं सोडून देतात आणि जन्मभर नुसत्या राबत राहतात. त्यातल्या मेल्या की जागा भरायला नवी पेशी येत नाही, तिथं चामड्यासारखा व्रण तयार होतो. पालवी हे औषध उरलेल्या पेशींना थोडा वेळ त्यांचं बाळपण आठवून देतं. त्या पुन्हा एकाच्या दोन होतात. मात्र दोन होताना पेशीला आपल्या आतले आकुंचन पावणारे धागे सोडून ठेवावे लागतात, म्हणजे तेवढा वेळ ती कामाची नसते. म्हणून औषध एकदम द्यायचं नाही. महिन्याला एक, असे सहा डोस, पोटाच्या कातडीखाली, पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनातून. एकदा सुरू केलं की ठरलेला दिवस चुकवायचा नाही, चुकला तर पुढचा डोस लागू पडत नाही. घेतलं की तो दिवस अंथरुणावर काढायचा.

पहिलं पेन घेऊन दवाखान्याची मार्गदर्शक मुलगी घरीच आली. रेश्मा मुजावर. चुणचुणीत, बोलण्यात गोड आणि शिस्तीला कडक.

"काकू, हे फ्रीजमध्ये ठेवायचं. दारात नाही, आतल्या कप्प्यात. हा निळा ठिपका बघा. औषध तापलं की ठिपका पांढरा पडतो. पांढरा पडला की पेन फुकट. अर्धवट पांढरा पडला तरी फुकट. उद्या सकाळी मी येते, पहिला डोस माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा आली, तर पेन फ्रीजमध्ये नाही. पेन देवघरात! डबीला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल, शेजारी समई मंद तेवतेय. ठिपका पांढराफटक.

"अहो काकू!" रेश्मानं कपाळाला हात लावला.

"नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे नको का ठेवायला?" वैजयंती बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "शिलाई मशीन ठेवलं होतं, ह्यांची स्कूटर ओवाळली होती. हे तर जिवाचं औषध."

रेश्माला हसू आवरेना. तिनं दुसरं पेन मागवलं आणि बजावलं, "काकू, फ्रीजला काय हवं ते लावा. पेन आतच राहू दे." वैजयंतींनी ते शब्दशः घेतलं. फ्रीजच्या दाराला हळदकुंकवाची बोटं उमटली, ती अजून आहेत.

मग रेश्मानं सगळं समजावलं. पेन अर्धा तास आधी बाहेर काढायचं. बेंबीपासून दोन बोटं लांब, दर वेळी बाजू बदलून. कातडी चिमटीत धरायची, पेन सरळ टेकवायचं, टक्‌ असा आवाज होईपर्यंत काढायचं नाही. चोळायचं नाही. रोज सकाळी वजन बघायचं. एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय समजायचं आणि फोन करायचा. लोणचं, पापड बंद. हुपरीकरांच्या हातात तिनं सरावाचं रिकामं पेन आणि स्पंजची गादी दिली होती. यंत्र हातात आलं की हा माणूस लहान मूल होतो. टक्‌, टक्‌, टक्‌.

"आणि एक गोष्ट नीट ऐका," रेश्मा म्हणाली. "नवा स्नायू येतो तो कोरा येतो. मेंदूकडून हृदयाला नसा येतात ना, त्या त्याला जोडलेल्या नसतात. घाबरलं, आनंद झाला, की छातीत लगेच धडधडतं ते या नसांमुळे. ते आता होणार नाही."

"म्हणजे तार तुटली," हुपरीकर म्हणाले.

"अगदी बरोबर, काका! तार तुटली, पण..."

पण हुपरीकरांचं लक्ष पुन्हा पेनात गेलं होतं. टक्‌. "ह्यात स्प्रिंग आहे काय गं?" असं त्यांनी विचारलं, आणि रेश्माचं पुढचं बोलणं वैजयंतींनी एकट्यांनीच ऐकलं.

पालवीनं गुण दिला हे कबूल करायलाच हवं. तिसऱ्या डोसानंतर उशी एकच राहिली. चौथ्यानंतर वैजयंती बाजारात चालत गेल्या आणि येताना कलिंगड घेऊन आल्या, स्वतः उचलून! पडद्यावरची मूठ आता घट्ट मिटत होती. हुपरीकरांनी गल्लीत पेढे वाटले. प्रत्येक डोस त्यांनीच दिला होता, आणि प्रत्येक वेळी टक्‌ झालं की ते स्वतःच सुटकेचा श्वास टाकत.

आणि घर शांत होत गेलं.

आधी त्यांना बरंच वाटलं. फोन नाही, कटकट नाही. मग एके दिवशी माळ्यावरचा बल्ब बदलताना शिडी सरकली आणि हे लोंबकळले. पूर्वीच्या वैजूनं गल्ली गोळा केली असती. ही आली, शिडी नीट लावली, म्हणाली, "पाय इथं ठेवा. आता उतरा." आणि गेली मागच्या पायरीवर. हुपरीकर शिडीच्या खाली बसून राहिले. त्यांना पहिल्यांदा पोरकं वाटलं. चाळीस वर्षं कुणीतरी आपल्यासाठी घाबरत होतं, आणि ते घाबरणं हेच आपलं घर होतं, हे आता ध्यानात येऊन काय उपयोग?

विचारावं तर कसं विचारणार? "तुला माझी काळजी वाटत नाही का?" बाई मरणाच्या दारातून परत आलेली, आणि आपण तिच्याकडे भीती मागायची? त्यांनी विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मरशी उभे राहायला लागले, एवढंच.

सहाव्या डोसाच्या आधी रेश्मा पुन्हा आली. नियमच होता तसा, शेवटचं पेन देताना पेशंटला समोर बसवून विचारायचं.

"काकू, पाच डोसांत हृदय बरंच सुधारलंय. इथं थांबलात तर जुन्या नसांपैकी काही शाबूत राहतील, हळूहळू धरतील. पण मग हृदय पाच-सात वर्षांत पुन्हा थकू शकतं. सहावा घेतला तर काम पक्कं होईल, पण त्या उरलेल्या नसाही जातील. त्या परत येतात का? कुणाच्या येतात दोन-तीन वर्षांनी, कुणाच्या नाही. निर्णय तुमचा."

"घ्यायचा," वैजयंती म्हणाल्या. विचारबिचार काही नाही. "मला अजून पुष्कळ जगायचंय. कलिंगडं उचलायचीत."

"काका?"

"ती म्हणेल तसं," हुपरीकर म्हणाले.

डोस ठरला होता शनिवारी सकाळी. चैत्र चालू होता. शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या मगदुमांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वैजयंतींनी समई लावली, मोगऱ्याचा गजरा माळला, आणि "पन्हं पिऊन येते" म्हणून गेल्या. घरात हुपरीकर, फ्रीज आणि समई.

त्यांनी फ्रीज उघडला. पेन हातात घेतलं. थंडगार होतं.

मनातल्या मनात त्यांचा हिशेब चालला होता. पाच-सात वर्षं. पण पहिल्यासारखी वैजू. खिडकीशी उभी राहणारी, फोन करून वैताग आणणारी, दारात दिसलो की "आलात बाई एकदाचे" म्हणून खांद्यावर चापट मारणारी. सहावं पेन वाया गेलं तर काय होईल? पुन्हा देवापुढे ठेवलं गेलं म्हणतील, हसतील. दुसरं येईपर्यंत ठरलेला दिवस टळेल, मग सहावा डोस नाहीच. कोण विचारणार आहे?

त्यांनी पेन समईशेजारी ठेवलं. मग समोर पाटावर बसले.

उकाडा मरणाचा. ठिपका निळा होता. मग तो कडेनं फिकट व्हायला लागला, अगदी हळू, पाण्यात नीळ विरघळावी तसा. हुपरीकर बघत राहिले. देवघरातल्या मूर्ती नेहमीसारख्याच होत्या, त्यांच्याकडे न बघता. आणि अचानक त्यांना वैजूचे ते सुजलेले पाय आठवले. बोट दाबलं की खड्डा पडून राहायचा ते पाय. तीन उशांना टेकून, तोंड उघडं टाकून, पहाटेची वाट बघणारी वैजू आठवली. "मला अजून पुष्कळ जगायचंय," असं ती म्हणाली होती. आणि आपण इथं बसून तिची वर्षं जाळतोय! आपल्याला फोन यावा म्हणून!

"अरे देवा," असं म्हणून त्यांनी पेन ओढलं. समई कलंडता कलंडता राहिली. ठिपका अर्धा पांढरा झाला होता.

त्यांनी रेश्माला फोन लावून ठिपका पांढरा पडल्याचं सांगितलं.

"काकूंनी परत देवापुढे ठेवलं?" ती हसूनच म्हणाली.

हो म्हणणं किती सोपं होतं! एक अक्षर. हुपरीकरांनी डोळे मिटले. "नाही पोरी. मी ठेवलं. मुद्दाम."

ती म्हणाली, "दवाखान्यात एक पेन आहे. मी अजून इथंच आहे, या लगेच."

ते स्कूटर काढून निघाले तसेच. पायात चपला कुठल्या, त्याचं भान नाही. फोन देवघराच्या फळीवर, त्या अर्धवट पेनाशेजारीच राहिला. अंकलीचा पूल ओलांडताना ते ध्यानात आलं, पण आता परत फिरणं शक्य नव्हतं.

रेश्मानं पेन बर्फाच्या पिशवीत घालून दिलं. तिनं बोल लावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मग त्यांनीच सगळं सांगून टाकलं. फोनचं, ट्रान्सफॉर्मरचं, मागच्या पायरीचं.

"काका," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बोलत होते तेव्हा तुम्ही स्प्रिंग शोधत होता. आता मी परत सांगणार नाही. एकदा तरी काकूंच्या मागोमाग त्या पायरीवर गेलात का हो?"

हुपरीकरांनी पिशवी उचलली.

परत येताना उदगावजवळ कुत्रं आडवं आलं. स्कूटर घसरली. पडतानाही त्यांनी पिशवी छातीशी धरून ठेवली, त्यामुळे सगळा भार कोपरावर आला. लोक धावले, "काका, लागलं का, दवाखान्यात चला." हे पिशवी उघडून ठिपका बघत होते. निळा! स्वच्छ निळा! ते रस्त्यात बसून हसले, तेव्हा लोकांना वाटलं डोक्याला मार लागला.

घरी पोचले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. पुढचं दार उघडं होतं. वैजयंती आतल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, गजरा अजून केसांत. समोर टेबलावर दोन वस्तू: हुपरीकरांचा फोन आणि ते अर्धवट पांढरं पेन.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. शर्टाची बाही फाटलेली, कोपरापासून मनगटापर्यंत रक्त.

"बसा," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. पाणी आणलं, कापूस आणला, जखमेतली खडी एकेक करून काढली. हात जराही हलत नव्हता. हुपरीकर त्यांच्या हाताकडेच बघत होते.

"हे मी नव्हतं ठेवलं देवापुढे," वैजयंती म्हणाल्या.

"मी ठेवलं."

"कळलं मला. का, ते सांगा."

"मला तुझा फोन यायला हवा होता, वैजू." साठी उलटलेला माणूस, पण आवाज पोरासारखा फुटला. "तू घाबरायला हवी होतीस. पहिल्यासारखी. मी रोज कोपऱ्यावर उभा राहतो गं. तुला काहीच वाटेनासं झालंय, आणि मला ते सोसवेना. मग ठिपका फिका व्हायला लागला आणि माझी मलाच किळस आली. हे बघ, नवीन आणलंय."

वैजयंतींनी पट्टी गुंडाळली, गाठ मारली. घट्ट मारली, जरा जास्तच घट्ट.

"माझी वर्षं होती ती," त्या म्हणाल्या. "तुमची नव्हेत. मला विचारलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, पण ते आपल्या दोघांत झालं असतं. तुम्ही मला न विचारता माझं आयुष्य समईवर धरलंत. हे मी विसरणार नाही, सांगून ठेवते."

"नको विसरूस."

"पेन फ्रीजमध्ये ठेवा. दारात नको."

त्यांनी ठेवलं. वळून बघतात तर खुर्ची रिकामी, आणि मागचं दार उघडं.

एरवी ते इथंच थांबले असते. त्या दिवशी ते मागोमाग गेले.

वैजयंती पायरीवर बसल्या होत्या. एका हातानं कढीपत्त्याचं खोड धरलेलं, दुसरा हात छातीवर, डोळे मिटलेले, श्वास भरभर. "वैजू! काय होतंय? ॲम्ब्युलन्स... माझा फोन कुठाय..."

"गप बसा हो!" वैजयंतींनी त्यांचा चांगला हात धरून खाली ओढला. "म्हणूनच सांगत नव्हते. बसा. आणि हे बघा."

त्यांनी नवऱ्याचा तळवा आपल्या छातीवर ठेवला.

आत धडधडत होतं. कसलं धडधडत होतं! दार ठोठावल्यासारखं, आतून कुणीतरी बाहेर यायला निघाल्यासारखं.

"हे... कधीपासून?"

"रोजच. तुम्ही घरी आलात की." वैजयंतींनी डोळे उघडले. "त्या पोरीनं सांगितलं होतं ना. तार तुटली, पण निरोप रक्तातून येतो. कसलासा रस सुटतो अंगात, तो फिरत फिरत हृदयाशी पोचतो. मग सुरू होतं, आणि लवकर थांबतही नाही. तुम्हाला बघितलं ना रक्तानं भरलेलं, तेव्हा इथं काही नव्हतं. हात कसा स्थिर होता, बघितलात. आता आलंय सगळं. पट्टी बांधून झाल्यावर."

"आणि फोन?"

"पूर्वी छातीच मला उठवायची, फोन कर म्हणायची. आता वाट बघताना ती गप्प. डोक्याला कळतं उशीर झालाय, पण हात फोनकडे जात नाही. तुम्ही दारात दिसलात की मग जीव भांड्यात पडतो, आलात बाई एकदाचे म्हणून. आणि पोळ्या आवरेपर्यंत हे सुरू होतं. तुम्ही बघितलं असतंत तर रोज मिरज गाठली असती, म्हणून इथं येऊन बसायचे." त्यांना धापेतच हसू आलं. "तुमच्या लाइटवाल्यांसारखं झालंय माझं. तक्रार आत्ता, गाडी निवांत."

हुपरीकर हसले नाहीत. ते रडत होते, लपवत नव्हते. इतके महिने ते पुढच्या दारात ज्याची वाट बघत होते, ते रोज मागच्या दारात येत होतं. आणि त्यांच्या बायकोनं ते एकटीनं झेललं होतं.

तळवा त्यांनी काढला नाही. धडधड मंदावायला बराच वेळ लागला.

सकाळी वैजयंतींनी वजन बघितलं, पेन बाहेर काढून ठेवलं, वेळ झाल्यावर पलंगावर बसल्या. हुपरीकरांनी सवयीनं हात पुढे केला. वैजयंतींनी पेन दिलं नाही.

"आजचं मी घेणार," त्या म्हणाल्या.

बेंबीपासून दोन बोटं, कातडी चिमटीत, पेन सरळ. टक्‌. हुपरीकर बाजूला नुसते उभे होते, आणि त्यांना ते बरोबरच वाटलं.

त्यानंतर ते ट्रान्सफॉर्मरशी थांबले नाहीत. भाजी घेऊन तडक घरी येतात. वैजयंती वर बघतात, म्हणतात, "आलात?" स्वयंपाक आवरतात. मग दोघंही मागच्या पायरीवर जाऊन बसतात. हुपरीकर तळवा पुढे करतात. त्या समईची आठवण दोघांनाही आहे, म्हणून कधी कधी वैजयंती तो तळवा जरा वेळ तसाच रिकामा ठेवतात. मग छातीवर घेतात.

"आली?"

"नाही अजून."

"आज येईल ना?"

"येईल हो," वैजयंती म्हणतात. "बसा."